तुळस पिवळी पडली तिथून: टाकीच्या प्रिंटरच्या तीन आठवड्यांच्या नोंदी

यंत्र: शाईच्या चार टाक्यांचा घरगुती प्रिंटर, छपाई-स्कॅन-झेरॉक्स तिन्ही करणारा. वय चार वर्षं. कागदावर शाई सोडणारा भाग म्हणजे हेड: काळ्या शाईचं एक, उरलेल्या तीन रंगांचं मिळून दुसरं. दोन्ही हातानं काढता येतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं दिसेलच की चुका बहुतेक माझ्या आहेत. काम: घरच्या शिकवणीच्या सरावपत्रिका, तनूच्या शाळेचे प्रकल्प. जागा: सोलापूर, पश्चिमेची खोली.

१४ जून

एप्रिलच्या परीक्षा संपल्या त्या दिवसापासून प्रिंटरला कुणी हात लावला नव्हता. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो. त्या खोलीत दुपारी माणूस बसत नाही, प्रिंटर मात्र दोन महिने तिथंच.

तनूला शाळेत वारीवर फलक करायचाय, आषाढीच्या आधी द्यायचा. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून जाते, तेव्हा तिनं मागच्या वर्षी मोबाइलवर फोटो काढला होता. तोच छापायला घेतला. पान बाहेर आलं आणि ती म्हणाली, "आई, तुळस वाळली गं."

खरंच की. बाईच्या डोक्यावरच्या वृंदावनातली तुळस पिवळीजर्द. आभाळ गुलाबी. सावळे चेहरे विटकरी. आणि गंमत म्हणजे भगव्या पताका अगदी जशाच्या तशा.

मी आधी सेटिंगला दोष दिला. छपाईचा दर्जा वाढवला, कागदाचा प्रकार बदलला, फोटो उजळ केला. चकचकीत फोटो पेपरचे चार कागद गेले, तुळस पिवळी ती पिवळीच. जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते पाऊण तासानं केलं: नोझल चेक, म्हणजे हेडच्या बारीक भोकांतून (नोझलमधून) शाई येते का ते बघायची छपाई. साधा कागद घालायचा, प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेक छापायचा. काळ्या रेघांची जाळी अखंड. गुलाबी पट्टा भरलेला, पिवळा भरलेला. निळ्याच्या जागी कोरा कागद, एका कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढे दोन ठिपके.

मग फोटोचं कोडं सुटलं. या यंत्रात हिरवी शाई नसतेच. पिवळीवर निळी पडली की हिरवं दिसतं, निळी आली नाही तर पिवळं उरतं. आभाळात निळीबरोबर थोडी गुलाबी असते, ती एकटीच उरली. भगव्याला पिवळी आणि गुलाबी एवढंच लागतं, म्हणून पताका वाचल्या. हे एकदा डोक्यात बसलं की बिघडलेला फोटो बघूनच कुठली शाई अडलीय ते कळतं. लाल रंग पिवळा आला तर गुलाबी अडली. हिरवा निळसर आणि लाल राणी रंगाचा आला तर पिवळी अडली.

दुकानात शाई मागताना जरा जपून. आमच्याकडे दुकानदार गुलाबीला सरसकट "लाल" म्हणतात. बाटलीवर सी म्हणजे निळी, एम गुलाबी, वाय पिवळी, बीके काळी. अक्षर बघूनच घ्यावी.

१५ जून

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण हीच सगळ्यात उपयोगी पडेल.

मेनूत "क्लीनिंग" असतं. त्यात प्रिंटर हेडमधून शाई जोरात ओढून काढतो. एकदा केलं, नोझल चेक, निळी नाही. पुन्हा केलं, नाही. मग हट्टाला पेटले. साधं क्लीनिंग चार वेळा, डीप क्लीनिंग तीन वेळा, एका संध्याकाळी सात. निळ्याचे दोन ठिपके होते तेही गेले.

त्यात दुसरी घोडचूक. क्लीनिंग कशाचं करायचं ते मेनू विचारतो: काळी, रंगीत, की सगळी. मी प्रत्येक वेळी "सगळी" दाबलं. काळं हेड ठणठणीत होतं, त्याचीही शाई सात वेळा ओढली गेली. काळी टाकी आधीच अर्ध्याखाली होती, आता खालच्या रेघेला टेकली.

आणि ही शाई जाते कुठं? प्रिंटरच्या पोटात स्पंजासारखी गादी असते, तिच्यात. प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो, गादी भरली असं त्याच्या हिशेबात आलं की छापायचंच बंद करतो. आमचा अजून बंद झालेला नाही, पण मी त्याचं आयुष्य बरंच खाल्लं असणार.

आता ठरवलेला नियम: क्लीनिंग फार तर दोनदा, तेही फक्त अडलेल्या गटाचं. नंतर बटण बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. हेडमध्ये आलेली ताजी शाई वाळलेलीला आपोआप थोडी भिजवते. घाईनं तेवढं होत नाही.

१६ जून

नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. घरी येण्याचे ३५०, रंगीत हेड बदलावं लागलं तर १,९०० वेगळे. "वहिनी, दोन महिने बंद होता ना, मग हेडच गेलं समजा." न बघताच निदान.

अहो म्हणाले, चार वर्षं वापरलाय, नवाच घेऊ. मी एक आठवडा मागून घेतला.

१७ जून

सामान: इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर १ लिटर, ३० रुपये. किचन टिश्यूचा रोल ६० रुपये. मेडिकलमधून दोन सिरिंज, सुई न घेता, २० रुपये. नळाचं पाणी वापरायचं नाही. आमच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तोच केसाहून बारीक भोकांत बसेल.

प्रिंटर चालू करून झाकण उघडलं. हेडची गाडी मधे आली. वरची पट्टी उचलून रंगीत हेड काढलं. त्याच्या पाठीला तांबूस ठिपक्यांची पाटी असते, वीज तिथून जाते. तिला बोट लावायचं नाही, पाणी तर मुळीच नाही. खालच्या अंगाला नखाएवढी चपटी पट्टी, तीच नोझलची.

टिश्यूची चौपदरी घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून बशीत ठेवली. पाणी कोमटच, उकळतं नाही. हेड तिच्यावर अलगद उभं केलं, हातानं धरून. दहापर्यंत आकडे मोजले आणि उचललं. टिश्यूवर दोनच रेघा: एक गुलाबी, एक पिवळी. तिसऱ्या रेघेची जागा पांढरी. दुसरीकडे टेकवलं, तेच. मग सरळ दहा मिनिटं तसंच धरून बसले. टीव्हीवर मालिका चालू होती, हात आखडला. टिश्यू बदलली, पुन्हा दहा मिनिटं. चौथ्या घडीवर पांढऱ्या जागेत काहीतरी काळपट उमटलं, शेवाळासारखं. पाचव्या घडीवर त्या काळपटाच्या मधून निळी रेघ निघाली, सुतासारखी बारीक, एका टोकाला तुटलेली. मी तनूला हाक मारली. सासूबाईसुद्धा माळ हातात घेऊन बघायला आल्या.

सातव्या घडीवर तिन्ही रेघा सारख्या जाडीच्या. नोझलची पट्टी कोरड्या टिश्यूवर नुसती टेकवून टिपली, पुसली नाही. घासलं तर ती खरवडते.

सिरिंजनं पाणी दाबून घालायचा मोह झाला होता. एका ओळखीच्या मुलानं तसंच करून हेड कायमचं घालवलंय, म्हणून हात आवरला.

ओटा तीन रंगांचा झालाय. पिवळा अजून निघत नाही.

१८ जून

सकाळी हेड बसवलं. नोझल चेक: निळा पट्टा आला, दोन जागी फट. मी खूश. लगेच तुळशीचा फोटो लावला. वरचा अर्धा फोटो सुरेख, आभाळ निळं. खाली येता येता रंग फिका, आणखी फिका, आणि वृंदावनापाशी तिन्ही रंग गायब.

मला वाटलं हेड जळलं. ओल राहिली असेल, शॉर्ट झालं असेल. हेड काढून पंख्याखाली दोन तास वाळवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. एक रंगीत क्लीनिंगही वाया घालवलं. दुपारी तनूनं विचारलं, "हे बटण असं वर का आलंय?"

हेड बसवल्यावर वरून एक मोठं बटण टक् आवाज येईपर्यंत खाली दाबावं लागतं. टाकीकडून येणारी नळी हेडला तिथं जोडली जाते. मी वरची पट्टी लावली होती, बटण अर्धवट दाबलं होतं. हेडमध्ये होती तेवढी शाई संपली आणि पुढं थेंब आला नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, टक् झालं. एक रंगीत क्लीनिंग, रात्रभर विश्रांती.

वेळ वाया: साडेतीन तास. फोटो पेपर: आणखी तीन.

१९ जून

निळा पट्टा पूर्ण, एक केसभर फट. ती सोडून दिली.

शिकवणीच्या पत्रिका छापायच्या, तर काळी टाकी रिकामीच. कंपनीची बाटली ६४० रुपये. शेजारी १०० मिलिलिटरची "सगळ्या प्रिंटरला चालते" अशी १४० ला. आधीच खर्च झालेला. १४० ची घेतली.

२० जून

१४० रुपये पाण्यात. शब्दशः.

काल छापलेल्या पत्रिका जवळून बघितल्या तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या. "क्ष" आणि "ध्य" यांच्यातली पांढरी जागा बुजलेली. काळा रंग काळा नाही, जुन्या छत्रीसारखा. तरी चालवून घेतलं असतं. पण सासूबाईंना भजनाची पानं मोठ्या अक्षरात छापून दिली होती. त्यांनी पूजेच्या ओल्या हातानं पान उलटलं आणि दोन ओळींचा जांभळट ओघळ झाला. "अगं, हे तर रडायला लागलं."

मार्चमधली जुनी पत्रिका काढली, बोट ओलं करून तिच्यावर फिरवलं. एक अक्षर हललं नाही. नव्यावर फिरवलं, बोट काळं.

शाई दोन जातींची असते. एकीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, ती कागदाच्या धाग्यांत झिरपते, म्हणून कडा फुटतात आणि पाण्यानं पुन्हा सुटते. दुसरीत रंगाचे बारीक कण तरंगत असतात, ते कागदावरच बसून राहतात. माझ्या प्रिंटरमध्ये तिन्ही रंग पहिल्या जातीचे, काळी दुसऱ्या जातीची. अक्षरांसाठी तीच बरी. मी कणांच्या टाकीत विरघळणारी ओतली. सगळ्या प्रिंटरमध्ये अशी वाटणी नसते, काहींत चारही एकाच जातीच्या असतात. आपल्या मॉडेलला कुठली चालते ते घेण्याआधी बघा. मी नंतर बघितलं.

संध्याकाळी सिरिंजला बारीक नळी लावून काळी टाकी उपसली. दोन्ही जाती एकत्र राहिल्या तर आत साका बसायची भीती, म्हणून थांबले नाही. तळाचं शेवटचं चमचाभर निघत नाही.

२१ जून

मूळ काळी बाटली आणली, ६४०. भरली. नळीत आणि हेडमध्ये अजून भेसळच, ती छापूनच संपवायची. जाड काळ्या पट्ट्यांचं एक पान करून ३० प्रती काढल्या, पाठकोऱ्या कागदांवर. पंचविसाव्या पानापासून काळा काळा दिसायला लागला. ओल्या बोटाची चाचणी पास.

मधल्या काळात चार पत्रिका तातडीनं हव्या होत्या. त्यासाठी एक युक्ती: साध्या कागदावरच छापायचं, पण सेटिंगमध्ये कागद "ग्लॉसी फोटो" निवडायचा. अशा वेळी माझा प्रिंटर काळी टाकी वापरत नाही, तिन्ही रंग मिसळून काळं करतो. अक्षर जरा पसरट येतं, शाई जास्त जाते, पण वेळ भागते. निळी अडलेली असताना हे केलं असतं तर अक्षरं लाल आली असती.

२३ जून

मूळ प्रश्न राहिलाच होता. उन्हाळा दरवर्षी येतो, गेल्या तीन वर्षांत निळी कधी अडली नव्हती. यंदाच का?

माझा संशय सासूबाईंवर. त्या रात्री घरातली सगळी बटणं बंद करत फिरतात. जेवताना विषय काढला, "आई, रात्री प्रिंटरचं बटण तुम्ही बंद करता का?" त्या म्हणाल्या, "मी त्या खोलीत जाते कशाला? माझे गुडघे." तनू ताटात बघत म्हणाली, "आई, तूच करतेस. पायानं."

बरोबर आहे. गेल्या दिवाळीत टेबल हलवलं तेव्हापासून प्रिंटरचा एक्स्टेन्शन बोर्ड खाली फरशीवर असतो. शिकवणी संपली की शेवटचं पान ट्रेमध्ये पडतं न पडतं, तोच मी उठता उठता पायाच्या अंगठ्यानं बोर्डाचं लाल बटण दाबते. पंखा, दिवा, प्रिंटर एका दमात बंद. मला त्यात हुशारी वाटायची.

जेवण झाल्यावर मुद्दाम तसंच केलं. एक पान छापलं, पान पडताच अंगठा. मग झाकण उघडलं. हेडची गाडी मधेच उभी, उजव्या भिंतीपासून वीतभर अलीकडे. उजव्या कोपऱ्यात रबराच्या दोन चौकोनी टोप्या असतात. काम संपलं की गाडी तिकडं जाऊन त्यांच्यावर बसते, म्हणजे नोझल झाकली जातात. माझा अंगठा तिला तिथं पोचूच देत नव्हता. रोज शिकवणी असायची तेव्हा दुसऱ्या दिवशी ताजी शाई वाहायची, म्हणून खपून गेलं. एप्रिलमधल्या शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी तसाच अंगठा दाबला आणि हेड दोन महिने उघड्या तोंडानं उन्हाळ्यात बसलं.

आता प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं, खुडखुड थांबेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड. तनूनं बोर्डावर पट्टी चिकटवलीय: "पाय लावू नये."

रबरी टोप्यांच्या कडेला वाळलेल्या शाईची कपची होती. गाडी बाजूला असताना, वायर काढून, इअरबड ओला करून पुसली. कपची राहिली तर टोपी नीट बसत नाही आणि झाकूनही उघडंच.

२५ जून

आज संगणक म्हणाला प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून बसलेला.

वीज गेली होती, राउटर पुन्हा चालू झाला आणि त्यानं प्रिंटरला नवा पत्ता दिला. संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला आणि संगणकात प्रिंटर नव्यानं जोडला. जोडताना लक्षात ठेवायची गोष्ट: हा प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतो, ५ वाल्यावर दिसतच नाही.

शिवाय अडकलेल्या सहा पत्रिका रांगेत होत्या, त्या पुसल्या जाईनात. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवला, सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढल्या, फोल्डर ठेवला, स्पूलर चालू केला. २० मिनिटं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही पहिल्या फटक्यात जमलं.

३० जून

दोन दिवस पाऊस. प्रिंटर एकदम तीन-तीन कागद ओढतोय, नाहीतर एकही नाही. कागदाचा गठ्ठा उघडाच ट्रेमध्ये राहिला होता, हात लावला तर दमट. ते कागद काढून पंख्याखाली पसरले, नवा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून २० च कागद घातले. ओढणारा रबरी रोलर ओल्या फडक्यानं पुसला. फडक्यावर पिठासारखी पांढरी कागदाची धूळ आली. आता ठीक. कागद यापुढं प्लॅस्टिकच्या पिशवीत.

३ जुलै

तुळस हिरवी आली.

अलाइनमेंटचं, म्हणजे दोन्ही हेडची छपाई एकमेकांशी जुळवायचं पान आधी छापून घेतलं होतं. हेड काढून बसवल्यावर ते करावंच लागतं, नाहीतर उभ्या रेघा दुहेरी येतात. आभाळात एक बारीक पांढरी रेघ आहे, ती त्या केसभर फटीची. तनू म्हणते विमान गेल्यासारखी दिसते, राहू दे. साडीचा राणी रंग मोबाइलवर जसा झगझगतो तसा कागदावर नाही. त्यावर दोन कागद आणखी घालवले आणि सोडून दिलं. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, या चार शायांतून तो तेवढा निघत नाही, त्यात प्रिंटरचा दोष नाही.

खर्च: पाणी ३०, टिश्यू ६०, सिरिंज २०, वाया गेलेली काळी १४०, खरी काळी ६४०. एकूण ८९०. वर नऊ फोटो पेपर आणि नऊ क्लीनिंगची शाई, निळी टाकी आता तिसऱ्या हिश्श्यावर आहे. त्यातली पहिली सात क्लीनिंग आणि काळ्या बाटल्या माझ्या मूर्खपणाच्या. पहिल्या दिवशीच हेड टिश्यूवर धरलं असतं तर ११० रुपयांत सुटले असते.

दर रविवारी एक रंगीत पान छापायचं ठरलंय. काम सासूबाईंनी मागून घेतलं, त्यांना दर आठवड्याला एक विठ्ठल हवाय.

५ जुलै

काल शिकवणी संपली आणि मी उठताना पाय सवयीनं बोर्डाकडे गेला. आतून सासूबाई ओरडल्या. तिथून त्यांना कसं दिसलं कोण जाणे.

रोलर कागद ओढताना कर्रर्र करायला लागलाय. उद्या मागचं झाकण उघडून बघते.